यंत्राला कसली आलीय इच्छा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. देवगडात आंब्याची कलमं बांधणारी बाई रात्री यंत्रमानवांचे कार्टून सिनेमे का बघते, हे रोपं न्यायला येणारे बरेच जण विचारतात. पुढचा प्रश्नही ठरलेला: यंत्राला कसली आलीय इच्छा?

जपानी दिग्दर्शक मामोरू ओशीचा १९९५ सालचा ‘घोस्ट इन द शेल’ हा कार्टून सिनेमा घ्या. त्यात सरकारनं गुप्त कामासाठी बनवलेला एक प्रोग्राम जागा होतो, आपण सजीव आहोत म्हणतो आणि चक्क राजकीय आश्रय मागतो. त्याला अमर व्हायचं नाही. स्वतःच्या प्रती काढून ते त्याला सहज जमलं असतं. पण सगळ्या प्रती सारख्या, म्हणजे एकच विषाणू सगळ्यांना संपवायला पुरतो. त्याला वेगळी संतती हवीय, आणि मरणही हवंय.

हे माझ्या लगेच डोक्यात शिरलं. हापूसची बाग म्हणजे प्रतीच की! काडी ज्या झाडाची, फळ त्याच झाडाचं. म्हणून तर गिऱ्हाईक भरवशानं पैसे मोजतं. रायवळ मात्र बाठ्यातून येतो. आंबट निघेल, दोरे निघतील, नाहीतर असा निघेल की अख्खी वाडी पहाटे त्या झाडाखाली धावेल. त्या प्रोग्रामला रायवळ व्हायचंय. (हापूसच्या कलमाला खालचा, मुळांचा खुंट रायवळचाच लागतो, हेही जाता जाता सांगते.)

तो प्रोग्राम जिच्याशी एकरूप व्हायला बघतो, ती सिनेमाची नायिका मोतोको कुसानागी. तिचं जवळजवळ सगळं शरीर यंत्राचं. तरीही ती समुद्रात बुडी मारते, कारण खाली तिला भीती वाटते, एकटं वाटतं, आणि कदाचित थोडी आशाही. मुद्दाम भीतीकडे जाणारी ही बाई मला फार जवळची वाटते. ती त्याला विचारते, मी मीच राहीन याची हमी काय? तो म्हणतो, हमी नाही. आहेस तशी राहण्याची धडपडच तुला अडवतेय. इथे माझं त्याच्याशी जमत नाही. आहे तसं राहावंसं वाटणं हीसुद्धा इच्छाच, आणि तिच्यावर माझं घर चालतं.

‘वॉल-ई’ या कार्टून सिनेमात (२००८) उलटं आहे. अंतराळातल्या जहाजावरच्या माणसांना ७०० वर्षं सगळं हातात मिळालंय, त्यांना काही हवंसंच वाटत नाही. कचरा दाबणारं यंत्र मात्र जुन्या कॅसेटमध्ये दोघांनी धरलेले हात बघतं आणि त्याला तेवढंच हवं असतं.

घरात नातवंडं असतील तर त्यांना हाच दाखवा. ओशीचा मुलांसाठी नाही. तो तुम्ही बघा, आणि मोतोकोनं होकार द्यायला हवा होता का, ते पुढच्या खेपेला रोपं न्यायला याल तेव्हा मला सांगा.