सुनेच्या खापरपणजोबांचा सातबारा

तलाठी म्हणून तीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर मुलाकडे अमेरिकेत ओमाहाला गेलो, तर तिथेही जमिनीचा कागदच समोर आला.

व्याह्यांच्या दिवाणखान्यात 1879 सालचं जमिनीचं पेटंट, म्हणजे सरकारने दिलेला मालकीचा कागद, काचेत लावलंय. नेब्रास्कातल्या पोक काउंटीतली 160 एकर, त्यांच्या स्वीडिश पणजोबांच्या नावे. "खुद्द राष्ट्राध्यक्ष हेज यांची सही," व्याही म्हणाले. मी चष्मा लावून पाहिलं. सही सचिवाची होती, अध्यक्षांच्या वतीने. 1833 नंतर तोच रिवाज होता. पण व्याह्यांच्या घरी कशाला बोला!

सुनेला घराण्याचा इतिहास हवा होता. ती नावावरून शोधत होती आणि त्याच नावाची शंभर माणसं सापडत होती. मी म्हटलं, नाव सोड, गट नंबर धर. तिथे सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, सेक्शन 640 एकरांचा आणि त्याचा पाव हिस्सा म्हणजे 160. पेटंटावर हे सगळं लिहिलेलं असतं. त्यावरून आम्ही मूळ फाईल गाठली. बिअ‍ॅट्रिसजवळ होमस्टेड कायद्याची आठवण जपणारं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, तिथल्या संगणकावर ती पाहायला मिळाली.

1862 च्या या कायद्याने जमीन जवळजवळ फुकट, पण पाच वर्षं राहून कसायची आणि दोन साक्षीदार आणायचे. फाईल म्हणजे अस्सल पंचनामाच! ढेकळांचं घर 14 बाय 16 फूट, दार एक, खिडक्या दोन, विहीर, 40 एकर नांगराखाली आणलेली. सोबत नागरिकत्वाच्या दाखल्याची नक्कल. आणि एक प्रतिज्ञापत्र: 1874 च्या टोळधाडीत पीक गेलं, म्हणून मजुरीसाठी ओमाहाला गेलो होतो. अशी गैरहजेरी माफ करणारा कायदा त्याच वर्षी झाला होता. "पणजोबांनी एक दिवसही जमीन सोडली नाही," ही घरातली गोष्ट तिथेच संपली. मला मात्र तो माणूस त्या कागदामुळेच जवळचा वाटला.

जनगणनेने बाकीचं दिलं. 1880 च्या पानावर शेजारच्याच घरात एक साक्षीदार निघाला, आणि त्याच्याकडे राहणारी म्हातारी सुनेच्या खापरपणजीची आई. म्हणजे साक्षीदार सख्खा मेहुणा! आपल्याकडे वेगळं काय होतं? 1890 ची जनगणना जवळपास सगळी गेली, 1921 च्या आगीनंतर. पण नेब्रास्काने 1885 मध्ये वेगळी मोजणी केली होती, ती कामी आली. 1900 च्या तक्त्यात बाईंच्या नावापुढे दोन आकडे होते: मुलं झाली 7, हयात 4. सून बराच वेळ त्या ओळीवरच थांबली.

स्वीडनकडचा दोर लुथेरन चर्चच्या वहीने जोडला. तीत जन्मगावाचा पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, लिहिला होता. तिथे आडनावाने फसायला होतं. अँडर्सचा मुलगा अँडर्सन, त्याची बहीण अँडर्सडॉटर, पुढची पिढी पुन्हा वेगळी. वडिलांचं नाव लावायची सवय असल्याने मला ते लगेच उमगलं, सुनेला वंशावळ काढून दाखवावी लागली.

एक सवय मात्र जात नाही: आधीचा कब्जेदार कोण? सरकारी नोंदीत पहिलं नाव अमेरिकन सरकारचं. त्याआधी ही जमीन पॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची. प्लॅट नदीच्या दक्षिणेचा मुलूख त्यांनी 1833 च्या तहात सोडला, आणि खापरपणजोबा नांगर धरत होते त्याच सुमारास उरलेल्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवलं गेलं. व्याह्यांना हे सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "हेही लिहा."

वंशावळीच्या कागदावर मी सगळ्यांत वर तो फेरफार लिहिला आहे.