तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी मांगा आणि मराठी विकिपीडिया

लग्नात, बँकेच्या रांगेत किंवा आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कुणी ओळखीचं भेटलं आणि विकिपीडियाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो. "वहिनी, पैसे मिळत नाहीत, नाव होत नाही, मग रात्री जागून त्या जपानी कॉमिकवर कशाला लिहिता? आपले विषय संपले काय?" पैशाबद्दलचं उत्तर एका वाक्याचं आहे. हे काम मला मनापासून आवडतं. आपल्या विषयांबद्दलचा प्रश्न मात्र मला महत्त्वाचा वाटतो. उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

ते कॉमिक म्हणजे 'कॅप्टन त्सुबासा', योइची ताकाहाशी यांची फुटबॉलवरची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. १९८१ ते १९८८ अशी ती 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात क्रमशः आली आणि पुढे ३७ खंडांत पुस्तकरूपाने निघाली. त्या काळात जपानी पोरांचा खेळ म्हणजे बेसबॉल. १९७८ साली अर्जेंटिनात वर्ल्ड कप झाला तेव्हा ताकाहाशी हायस्कुलात होते. तो वर्ल्ड कप बघून ते फुटबॉलच्या प्रेमात पडले आणि त्यातून जपानला वर्ल्ड कप जिंकून द्यायचं स्वप्न बघणारा त्सुबासा ओझोरा नावाचा शाळकरी मुलगा कागदावर उतरला. आता सांगा, वर्ल्ड कप आला की ज्या गावात पेठापेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, खेळाडूंचे कटआउट उभे राहतात, ज्या गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, त्या गावात ही गोष्ट परकी कशी?

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मराठी विकिपीडियावरचा तिचा लेख जेमतेम चार ओळींचा होता. नंतर उत्साही पोरांनी त्यात भर घातली ती सगळी कथानकाची. कुठल्या सामन्यात कुणी कुठून गोल मारला, कोण कुणावर चिडला, सगळं तपशीलवार, आणि त्सुबासा खरोखरच जन्माला आला होता अशा थाटात. वाचायला मजा येते, पण ज्याला मांगा म्हणजे काय हेच ठाऊक नाही तो वाचक पहिल्या परिच्छेदातच गळतो. ही कल्पित गोष्ट आहे, ती कुणी लिहिली, कुठे छापली, लोकांनी तिला कसं घेतलं, हे त्याला आधी सांगायला हवं. म्हणून कथानक आवरून दोन-तीन परिच्छेदांत बसवलं. त्यावर चर्चा पानावर, म्हणजे लेखाला जोडून लिहिणाऱ्यांच्या बोलण्यासाठी असतं त्या पानावर, बरंच बोलणं झालं. मंगळवार पेठेतल्या एका कॉलेजच्या पोराने त्यातलं बरंच लिहिलं होतं, त्याला वाईट वाटणं साहजिक होतं. आज तोच या लेखावर सगळ्यांत बारीक लक्ष ठेवतो. आणखी दोघं आहेत. पुण्याचे एकजण जपानी शिकलेले, ते मूळ जपानी मजकूर वाचून सांगतात. इचलकरंजीच्या एक निवृत्त शिक्षिका प्रत्येक वाक्य मराठी होईपर्यंत सोडत नाहीत. आम्ही चौघं एकमेकांना समोरासमोर फारसे भेटलेलो नाही.

खरं काम सुरू होतं ते एखाद्या वाक्याला पुरावा मागणारी "संदर्भ हवा" ही खूण लागली की. एक उदाहरण सांगते. कोणकोणते मोठे खेळाडू या मांगावरची टीव्हीची कार्टून मालिका बघून फुटबॉलकडे वळले, याची यादी इंटरनेटवर जागोजागी सापडते आणि प्रत्येक ठिकाणी ती थोडी लांबलेली असते. आम्ही नियम केला, की खेळाडू स्वतः तसं बोललेला छापील किंवा चित्रित पुरावा असेल तरच नाव ठेवायचं. स्पेनचा फर्नांडो टोरेस टिकला. लहानपणी टीव्हीवर ही मालिका बघायचो, हे त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. बाकीची बरीच मोठी नावं पुरावा हाती येईपर्यंत बाजूला ठेवली. त्या नावांनी लेख किती झळाळला असता! पण एक नाव खोटं निघालं की वाचक टोरेसवरही विश्वास ठेवणार नाही.

दुसरं वाक्य याहून अवघड होतं. "या मांगामुळे जपान फुटबॉलमध्ये पुढे आला." चाहत्याला हे वाक्य फार गोड लागतं आणि त्यात तथ्यही आहे, कारण मालिकेच्या काळात शाळाशाळांतून पोरं फुटबॉलकडे वळली. पण १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक जिंकलं होतं आणि त्यांचा कामामोतो सात गोल करून त्या स्पर्धेत सर्वांत पुढे होता, तेही त्सुबासा जन्मायच्या तेरा वर्षं आधी. व्यावसायिक जे लीग १९९३ साली सुरू झाली, झिकोसारखा ब्राझिलियन त्याच्या आधीच जपानात येऊन खेळू लागला होता आणि जपान पहिल्यांदा वर्ल्ड कपला पोचला १९९८ साली. यातलं श्रेय कुणाला किती, हे ठरवणं विश्वकोशाचं काम नाही. म्हणून घटना त्यांच्या सालांसह दिल्या आणि प्रभावाबद्दल जे जे कुणी बोललंय ते त्यांच्या नावावर घातलं. लेख थोडा कमी रंगतदार झाला, हे मान्य. पण दहावीच्या मुलीने प्रकल्पासाठी तो उघडला तर तिच्या वहीत चुकीचं वाक्य जाणार नाही.

आकड्यांचंही तसंच. जपानी प्रकाशक सहसा छापून बाजारात पाठवलेल्या प्रतींचा आकडा देतात आणि तोच पुढे "इतक्या कोटी प्रती विकल्या" म्हणून फिरतो. तिथे आम्ही "विकल्या" खोडून "वितरित" लिहिलं.

चित्रं हा तर सगळ्यांत मोठा वांधा. मुखपृष्ठावर प्रकाशकाचा प्रताधिकार असतो, त्यामुळे कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडिया जिथून चित्रं घेतो त्या मुक्त भांडारात, ते चढवता येत नाही. तोक्योच्या कात्सुशिका भागात, ताकाहाशींच्या गावात, या पात्रांचे पुतळे रस्त्यावर उभे आहेत. त्यांचा फोटो तरी? तोही नाही. पुतळ्याच्या कलाकृतीवर हक्क असतो, जपानच्या कायद्यात त्या फोटोंच्या विक्रीला मर्यादा आहेत, आणि कॉमन्सवर फक्त तेच राहतं जे कुणीही कशाहीसाठी वापरू शकेल. मग लेखात चित्राची जागा मोकळी राहिली. मला ती मोकळी जागा पटते. दुसऱ्याची मेहनत न विचारता उचलून आपलं पान सजवायचं नाही, एवढं साधं आहे ते.

आता "आपले विषय संपले काय" याकडे येते. शंभर वर्षांपूर्वी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला. पैशाची चणचण, वर्गणीदार गोळा करत हिंडायचं, आणि तरी २३ खंड. त्याच्या पहिल्याच खंडाचं नाव होतं 'हिंदुस्थान आणि जग'. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली विश्वकोश उभा राहिला, त्यातही जगभरच्या नोंदी आहेत. मराठीतून फक्त महाराष्ट्राबद्दलच लिहावं असं त्यांना कुणालाच वाटलं नाही. जग समजून घ्यायचं तर इंग्रजीत जा आणि मराठीत फक्त स्वतःबद्दल वाच, हे आपण आपल्या पोरांना सांगायला लागलो तर पोरं इंग्रजीतच जाणार, आणि मग आपल्याबद्दलही तिथंच वाचणार. अरब देशांत हीच मालिका 'कॅप्टन माजिद' झाली. इराकमधल्या समावा शहरात जपानने दिलेल्या पाण्याच्या टँकरांवर २००४ साली याच मालिकेची चित्रं लावली होती, कारण तिथल्या प्रत्येक पोराला तो चेहरा माहीत होता. हे मराठीत वाचायला मिळावं असं मला फार वाटतं.

आणि या लेखाने आम्हाला आपल्या विषयाकडेच आणून सोडलं. त्या मंगळवार पेठेतल्या पोराने एकदा चर्चा पानावर विचारलं, की जपानच्या कल्पित संघावर एवढं लिहिता येतं, मग आपल्या कोल्हापुरातल्या पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या संघांवर का नाही? लगेच बसलो आणि लगेच अडलो. त्सुबासाबद्दल लिहिणं सोपं, कारण कुणीतरी मुलाखती छापून ठेवल्या, अंकांच्या तारखा नोंदवून ठेवल्या. आपल्याकडे सामन्याला स्टेडियम गच्च भरतं, दुसऱ्या दिवशी गल्लीगल्लीत चर्चा होते, आणि ती चर्चा तिथंच राहते. एखादा जुना खेळाडू तासभर बोलतो, अंगावर काटा येतो ऐकताना, पण त्याचं बोलणं कुठेच छापलेलं नसेल तर विकिपीडियावर ते घेता येत नाही. हा नियम त्या वेळी मनाला फार लागतो. तरीही तो हवाच, कारण तोच नियम टोरेसला ठेवतो आणि बाकीच्यांना थांबवतो.

म्हणून आता विचारणाऱ्यांना मी उलट एक काम सांगते. घरी माळ्यावर जुनी वर्तमानपत्रं असतील, स्पर्धेच्या स्मरणिका असतील, तर त्या रद्दीत घालू नका. स्मरणिका मंडळाने स्वतःबद्दल छापलेली असते, त्यामुळे "सर्वश्रेष्ठ संघ" वगैरे तिच्यातून घेता येणार नाही, पण सामन्याची तारीख, निकाल, संघातली नावं यासाठी ती मोलाची आहे. बातमीचं कात्रण असेल तर त्यावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, नाहीतर ते कात्रण कुणालाच वापरता येत नाही. शाहू स्टेडियमवरचा आमचा मजकूर अजून धूळपाटीवरच, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या पानावरच आहे, त्यात तीन ठिकाणी "संदर्भ हवा" लागलेलं आहे, आणि तिन्ही जागा साठ-सत्तरच्या दशकातल्या सामन्यांच्या आहेत.