रीलफूटच्या बुडालेल्या जंगलात क्रॅपीची गरवणी

टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यातला रीलफूट तलाव म्हणजे बुडालेलं जंगल. १८११-१२ च्या भूकंपांत इथली जमीन खचली, पाणी भरलं आणि झाडं उभीच्या उभी पाण्यात गेली. सायप्रस अजून हिरवे आहेत. बाकीच्यांची खोडं पाण्याखाली दडलेली. तलाव उथळ, त्यामुळे गळ पदोपदी अडकतो. क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या माशासाठी इथे येणाऱ्याने आधी गळ ज्या तारेचा बनलाय ती तार बघावी, जिगच्या (शिशाचं डोकं असलेल्या गळाच्या) रंगाचं नंतर.

मेम्फिसहून तलावाकाठच्या टिप्टनव्हिलपर्यंत नुसती सपाट शेतं. मोटेलची खोली कुबट होती, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

रत्नागिरीहून आलेले बाबा सोबत होते. आयुष्यभर खडकावर बसून गरवलेला माणूस. नावेच्या पुढच्या टोकाला पंख्यासारख्या पसरलेल्या लांबच लांब काठ्या आणि चालण्यापेक्षाही सावकाश सरकणारी नाव बघून ते गप्पच झाले. पहिली दोरी अडकली तेव्हा मी ती तोडणार, तेवढ्यात नावाड्याने हात धरला. काठी बाजूला ठेवून त्याने दोरी मुठीत घेतली आणि सरळ, न झटकता ओढली. बारीक तारेचा गळ हळूहळू उघडला आणि खोडातून सुटून वर आला. पकडीने त्याने तो पुन्हा वळवला, टोक नखावर टेकवलं. टोक नखात रुतलं, घसरलं नाही. म्हणजे धार शाबूत. दोन-तीनदा वळवला की तार कमजोर होते, मग तो टाकून द्यायचा.

बाबा म्हणाले, "अरे, आमच्याकडे खडकात गरी अडकली की गेलीच. ही बघ, उघडून परत आली!" मग दिवसभर प्रत्येक सुटलेला गळ त्यांनीच वळवला.

बारीक तारेचा दुसरा फायदा क्रॅपीच्या तोंडात. तिच्या ओठाजवळची कातडी कागदासारखी पातळ. बारीक गळ हलक्या ओढीने रुततो, भोक मोठं होत नाही. तोंड मात्र मोठं, म्हणून चार किंवा दोन नंबरचा गळ. ब्लूगिल मासळीचं तोंड इवलंसं, तिला आठ-दहा नंबर हवा. नंबर वाढला की गळ लहान, हे नवख्याने दुकानात विसरू नये.

जिगच्या वजनाचं गणित नावेच्या वेगाशी बांधलेलं. सकाळी वारा नव्हता तेव्हा १/३२ औंस, म्हणजे ग्रॅमभरही नाही, पुरला. क्रॅपीची नजर वरच्या बाजूला असते, जिग तिच्या थोडा वरून जायला हवा. नाव वेगात गेली की हलका जिग फार वर उचलला जातो, मंदावली की जड जिग खोडांत जाऊन बसतो. दुपारी वारा सुटल्यावर नावाड्याने १/१६ लावले, आणि बाबांना सगळ्यांत मोठी क्रॅपी तेव्हाच लागली.

राग एकाच गोष्टीचा. वाटेत घेतलेल्या पाकिटातल्या निम्म्याअधिक जिगहेडांची, म्हणजे जिगच्या डोक्यांची, दोरी ओवायची नेढी रंगाने बुजलेली होती. गारठलेल्या बोटांनी, डुलत्या नावेत, एकेक नेढं सुईने कोरत बसायचं! सुंदर डोळे रंगवायला वेळ आहे, नेढं मोकळं ठेवायला नाही. आता मी बिनरंगाचेच घेते. माशाचं लक्ष वेधायला वरची प्लास्टिकची शेपटी पुरेशी आहे.

रात्री मोटेलच्या छोट्या शेगडीवर रवा लावून मासे तळले. तिथे मक्याच्या पिठात तळतात, तेही चांगलं लागतं. पण बाबांनी ताटातला शेवटचा तुकडा रव्यातलाच उचलला.