पन्हाळ्याच्या उतारावरची जागा : सपाटीकरण झालं, आता भराव पावसात बसू दे

मंडळी, मागच्या वेळी फक्त हद्दीचे दगड आणि फक्की (आखणीची पांढरी पूड) मारलेली जागा दाखवली होती, आता घर आणि गोठा दोन्हीचे टप्पे, म्हणजे सपाट केलेल्या जागा, तयार झालेत, त्यामुळं सविस्तर लिहितोय. जागा पन्हाळा तालुक्यात, वीस गुंठे, पश्चिमेकडनं पूर्वेला उतार, शंभर फुटाला साधारण सात फूट.

जेसीबी बोलवायच्या आधी पाणी कुठनं येतंय आणि कुठं जातंय ते ठरवायचं, बाकी सगळं त्याच्या मागनं. आपल्या एकाच कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि शिरोळला त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास, त्यामुळं दुसऱ्याच्या जागेचा प्लॅन उचलून आपल्याकडं चालत नाही. आणि ज्यांची जागा नदीकाठाला आहे त्यांनी तर सगळ्यात आधी पुराची खूण बघा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, पण २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ असतीयच, तिथनं लेव्हल आणून आपल्या जोत्याची उंची ठरवायची.

लेव्हल मी नळीनंच घेतली, नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. पारदर्शक पाईप, पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं म्हणजे रेघ लांबनं दिसते, आणि नळीत एकही बुडबुडा ठेवायचा नाही, नाहीतर इंचाचा फरक दाखवते. कोपऱ्यांचा काटकोन ३-४-५ नं (बाजू ३ आणि ४ फूट, तिरकं माप ५ फूट) काढला आणि दोन्ही कर्ण मोजून तपासला. चार कोपऱ्यांना पाच-पाच फुटांचे खड्डे मारून बघितलं, वर फूटभर काळी, मग तांबूस माती आणि तीन फुटांच्या आसपास कडक मुरूम. काळ्या मातीवर घर टेकवायचंच नाही, पाणी प्यालं की ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत तिच्यासोबत हलते. म्हणून वरची माती आधी काढून उत्तरेच्या कोपऱ्यात ढीग लावलाय, परसबागेला तीच लागणार, तिला मुरमात मिसळू दिली नाही.

आता मुख्य काम. घराचा टप्पा पूर्ण कापातच, म्हणजे खोदून सपाट केलेल्या मूळ जमिनीवरच, घेतला. अर्धं घर कापावर आणि अर्धं भरावावर असलं की भरावाची बाजू खचते आणि मधोमध तडा जातो, हे गावोगावी बघायला मिळतं. टप्पा ५० बाय ५५ फूट, पन्नास फुटात उतार साडेतीन फूट, म्हणजे सरासरी काप पावणेदोन फूट, गुणाकार केला की ४८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पण सुटा झाल्यावर मुरूम फुगतो, त्यामुळं ट्रॉल्यांचा हिशेब करताना पाव भाग तरी जास्त धरा. बाहेरनं एक ट्रॉली आणावी लागली नाही, तेवढाच रॉयल्टीचा आणि वाहतुकीचा खर्च वाचला. वरची काळी माती सोडून निघालेला बाकी माल घर आणि गोठ्याच्या मधल्या अंगणात आणि आत यायच्या रस्त्याला गेला.

भराव टाकायच्या आधी उतारावर पायऱ्या पाडल्या, नुसत्या तिरक्या जमिनीवर टाकलेला भराव पावसात घसरतो. मग सहा ते नऊ इंचांचा थर, पाणी, रोलर, परत थर. पाणी किती मारायचं याचा अंदाज हातानंच येतो. मूठभर मुरूम घेऊन आवळायचा, गोळा झाला पाहिजे, आणि कमरेच्या उंचीवरनं टाकल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे झाले पाहिजेत, नुसता भुगा झाला तर ओल कमी, चपटा बसला तर जास्त. जेसीबीवाले मामा म्हणाले, "मालक, एकदम दोन फूट टाकू आणि चाकानंच दाबू की, कशाला वेळ घालवताय?" मी म्हटलं, "मामा, वेळ लागू दे, पण थरानंच टाका." चाकाखाली वरचा थर कडक होतो आणि खालचा पोकळच राहतो, ते पुढं पाऊस दाखवतो. हे मामांना पटलं आणि मग तेच पोरांना ओरडून पाणी मारायला लावत होते.

वरच्या अंगाला, कापाच्या काठापासनं पाच-सहा फूट मागं, चर काढलाय, शंभर फुटाला एक फूट उतार देऊन, म्हणजे डोंगराचं पाणी घराकडं यायच्या आधीच बाजूनं ओढ्याला जातंय. काप सरळ उभा ठेवला नाही, तिरका केला. घराभोवती जोत्यापासनं पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या बाजूला, यात कंजुषी करायची नाही.

गोठा पूर्वेला, घराच्या टप्प्यापेक्षा सुमारे तीन फूट खाली. पावसाळ्यात वारं पश्चिमेकडनं येतंय, त्यामुळं वास घरावर येणार नाही, आणि धुण्याचं पाणी आपसूक गोबरगॅसच्या टाकीत आणि तिथनं नेपियर गवताला जाईल. विहीर वरच्या अंगाला आहे, मुताचं पाणी तिकडं जायचा प्रश्नच नाही. आतल्या जमिनीला ४० ला १ उतार धरलाय, फार जास्त दिला तर म्हशीचे पाय घसरतात. लांबी पूर्व-पश्चिम, दुपारचं ऊन आत कमी येतं. म्हशीला चार चौरस मीटर छपराखाली धरून सहा जनावरांची जागा. आमच्या आबांचा आग्रह पंढरपुरी म्हशींचा आहे आणि मलाही तेच पटतंय.

वळवाचा एक चांगला पाऊस होऊन गेला तेव्हा छत्री घेऊन सगळी जागा फिरलो. चर मस्त वाहत होता, अंगण कोरडं, फक्त फाटकाजवळ थोडं पाणी साचत होतं, तिथं लगेच फक्की मारून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ट्रॉलीभर मुरूम पसरला. भरावाच्या खालच्या कडेला वाळा (खस) गवत लावतोय, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि कड धरून ठेवतात, शिवाय खाली दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर दगड रचून बसवणार. मातीच्या ढिगावर ताग पेरणार, म्हणजे पावसात माती वाहून जाणार नाही आणि नंतर तोच गाडून खत.

पाया दसऱ्यानंतरच. भरावात खुंट गाडून त्यावर खिळ्यानं खूण केलीय, पावसाळाभर नळीनं रीडिंग घेऊन कुठं किती बसलं ते इथं टाकतो. ज्यांनी भरावावर नुसता गोठा बांधलाय त्यांनी पहिल्या पावसाळ्यात किती खचला ते सांगा, आणि माती कुठली होती तेही.