सध्या बंद

दुपारी जेवणं आवरली की मी फोन घेऊन अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या एपिक युनिव्हर्स या थीम पार्कमधली गर्दी बघत बसते. मला तिकडे जायचं नाहीये, व्हिसा नाही, पैशांचं तर बोलूच नका, पण 22 मे 2025 ला ते पार्क उघडलं तेव्हा सहज म्हणून वेटिंग टाइम दाखवणारं एक ॲप टाकलं आणि ते फोनमध्ये राहिलंच. आता आपल्याकडे दुपारचे दोन म्हणजे तिकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार, त्यामुळे सगळ्या राइडपुढे बंद, बंद, बंद. तरी बघते. नवरा म्हणतो, अगं कुलूप बघायला कोण जातं का!

खरी मजा संध्याकाळी सातनंतर, आकडे चढायला लागतात तेव्हा. हॅरी पॉटरची नवी राइड बघता बघता दीडशे मिनिटांवर जाते. आणि रात्री झोप नाही आली तर त्यांची दुपार सापडते, तिकडे दुपारी विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड पटापट बंद होतात आणि छपराखालच्या लाइनी फुगतात, हे सगळं मला इथे गादीवर पडून नुसत्या आकड्यांवरून कळतं. उपयोग शून्य.

आकडेही अगदी खरे नसतात म्हणे. नेहमी जाणारे लोक सांगतात की पाटीवर जरा चढवूनच लावतात, म्हणजे नव्वद मिनिटं वाचून उभा राहिलेला माणूस सत्तराव्या मिनिटाला आत गेला की खूश, वर वीस मिनिटं कमावल्याचा आनंद. डिस्नेच्या पार्कात तर लाइनीत शिरणाऱ्या एखाद्याच्या हातात लाल कार्ड द्यायचे, ते त्याने पुढे पोचल्यावर राइडवरच्या माणसाकडे द्यायचं, की किती वेळ लागला ते यांना कळलं. मला मिळालं असतं ना ते कार्ड, परत दिलं नसतं.

तसं पहिल्या दिवशीची झुंबड हे जुनंच दुखणं आहे. 17 जुलै 1955 ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा लोकांनी चक्क खोटी तिकिटं छापली, सुमारे 28 हजार माणूस आत घुसला, एकाने म्हणे कुंपणाला शिडी लावून माणशी पाच डॉलर कमावले (हा माणूस मला फार आवडतो), ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या आणि वर प्लंबर लोकांचा संप, म्हणून प्यायच्या पाण्याचे हाल. गाणारे यांत्रिक पक्षी तिथे 1963 ला आले आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात खुर्चीतून उठून भाषण करणारा त्यांचाच यांत्रिक अब्राहम लिंकन. आता एपिकमध्ये फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आहे, ड्रॅक्युला आहे, आणि आपण बसतो ती बाकंसुद्धा रोबोटच्या हातावर, मोटारीच्या कारखान्यात असतात तसल्या. व्हिडिओत बघितलं, तोंडं काय हलतात, कातडी काय ओढली जाते, सगळं भारी आहे, पण मनात काही राहिलं नाही.

मला आकड्यापेक्षा मध्येच एखाद्या राइडपुढे "सध्या बंद" आलं की जास्त बरं वाटतं. काय अडकलं असेल? आत कोण शिरलं असेल पाना घेऊन?

याचं मूळ बहुतेक मामाकडच्या गणपतीत आहे. हलते देखावे बघायला तो आम्हा सगळ्या पोरांना न्यायचा, दोरीच्या आत लाइन, आणि शिट्टीवाला कार्यकर्ता सारखा चला पुढे, थांबू नका, पुढे चला. त्या वर्षी कुंभकर्ण होता. राक्षस ढोल बडवतायत, पोट खालीवर होतंय, आणि उठायच्या वेळेला हा अर्ध्यातच अडकला. टेपवर जांभई देऊन डायलॉग सुरू, मोटर घरघरतेय, आणि हा आपला मान टाकून तसाच तिरका. मग पडद्यामागून एक हात आला, मनगटाला पांढऱ्या डायलचं घड्याळ, आणि त्याने कुंभकर्णाला पाठीत ढोसून सरळ बसवलं. अख्खी लाइन खिदळली, टाळ्या काय, शिट्ट्या काय, पुढे चला म्हणणारासुद्धा दोरी सोडून बघत उभा. त्या वर्षीची मूर्ती मला आठवत नाही. घड्याळ आठवतं.

फ्लोरिडातच डिस्नेच्या ॲनिमल किंगडममध्ये एक 25 फुटी यती आहे, 2006 ला एव्हरेस्टची राइड उघडली तेव्हा तो येणाऱ्या डब्यांवर हात मारायला झेपावायचा. काही महिन्यांतच ते बंद पडलं. तेव्हापासून तो हलत नाही, अंगावर दिवे लुकलुकवतात म्हणजे हलल्यासारखा वाटतो, लोक त्याला डिस्को यती म्हणतात आणि कधी दुरुस्त करणार म्हणून वर्षानुवर्षं कंपनीच्या मागे लागलेत.

माझं म्हणाल तर करू नये दुरुस्त. अर्थात मला कोण विचारतंय.