पाच माणसं कुठे गेली?

यादीत ४० नावं. पुण्यातली २२, पुण्याबाहेरची १३. करा बेरीज. मी तीनदा केली.

भाचीकडून एसक्यूएल शिकतोय, म्हणजे साठवलेल्या माहितीच्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा. सरावाला तिने घरच्या मुंजीची आमंत्रणयादीच टेबल म्हणून घ्यायला लावली. 'शहर बरोबर पुणे' अशी क्वेरी, म्हणजे प्रश्न, चालवली, २२ आले. मग 'बरोबर नाही'चं चिन्ह टाकलं, १३ आले. उरलेले ५ जण ना इकडे, ना तिकडे.

मी म्हटलं, बिघडलंय काहीतरी.

"मामा, त्यांच्या शहराचा रकाना रिकामा आहे. नल. नल म्हणजे 'नाही' नव्हे, 'माहीत नाही'. आणि जे माहीतच नाही, ते पुणे नाही असं तरी कसं म्हणणार?"

क्वेरीतली अट ज्या 'व्हेअर' शब्दापुढे लिहितात, तो फक्त खऱ्या ठरलेल्या ओळीच आत सोडतो. 'माहीत नाही' दाराबाहेर. गंमत म्हणजे नल बरोबर नल हेसुद्धा खरं ठरत नाही. दोघांचे पत्ते ठाऊक नाहीत म्हणून ते एकाच गावचे कसे होतील? त्यांना शोधायला 'इज नल' असंच विचारावं लागतं.

विचारलं. पाचही नावं निमूट समोर आली. त्यात माझी सख्खी चुलत आत्या. लहानपणी दर मे महिन्यात जिच्याकडे जायचो, ती!

एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. बेरीज केली नसती तर पत्रिका गेलीच नसती आणि मला कळलंही नसतं.

आता रकाना भरायला बसलोय. आत्या हल्ली कुठल्या मुलाकडे असते, घरच्यांपैकी कुणाला माहीत आहे का?