ट्रेल मोठी की प्युअर सिक्वेन्स?

श्रावणात सातम-आठम, म्हणजे जन्माष्टमी, आली की बडोद्यात घरोघरी तीन पत्ती रंगते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरीही सतरंजी पसरली जाते. आम्ही मराठी मंडळी, शेजारचे गुजराती, सगळे एकत्र. पैसे नाहीत, चिंचोके. भांडणं मात्र पैशांवरून व्हावीत तशीच.

यंदा भाचा आला होता. तो फोनवर पोकर शिकलेला. मी बदामाची दश्शी, सत्ती, दुर्री असा कलर (तिन्ही पत्ते एकाच जातीचे) उघडला आणि त्याच्याकडे पंजी-छक्की-सत्ती अशी सिक्वेन्स (ओळीने तीन पत्ते) असूनही त्याने पत्ते टाकून दिले. "मामी, कलर मोठा, घ्या." मी निमूटपणे चिंचोके ओढणार, तेवढ्यात शेजारच्या बा ओरडल्या, "अरे ना ना, सिक्वेन्स मोटी!"

शाळेत गणित शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे पाठकोरा कागद काढलाच. दोघंही बरोबर होते. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात, म्हणजे वेगवेगळे संच, होतात. त्यात कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०. जी कमी वेळा लागते ती मोठी, म्हणजे सिक्वेन्स. पोकरात पत्ते पाच. सिक्वेन्समधला वाढीव पत्ता इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांतला कुठलाही चालतो, कलरला मात्र तो नेमका त्याच जातीचा लागतो. त्यामुळे २५,९८,९६० हातांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर निम्मेच, ५,१०८. क्रम उलटला.

कागद हातात होता म्हणून ट्रेलही (तिन्ही पत्ते सारखे) मोजली. तेरा पत्ते, प्रत्येकाचे चार प्रकार: ५२ ट्रेल. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच जातीची, एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा, गुणिले चार: ४८. म्हणजे दुर्मीळ प्युअर, आणि मान ट्रेलला! कसिनोतल्या तीन पत्त्यांच्या पोकरात हे सरळ केलंय, तिथे प्युअर वर असते. मी आपल्याकडेही तसं करू म्हटलं, तर बांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. तीन एक्के हातात आल्यावर कुणी आपल्यावर चढावं हे त्यांना मंजूर नाही. मलाही खरं तर नाही. २२,१०० मध्ये चार हातांचा फरक, तो खेळताना कुणाच्या बापाला कळणार?

मग भाच्याने बढाई मारली, "मला एकदा रॉयल फ्लश लागलाय, साडेसहा लाखांत एकदा लागतो." रॉयल फ्लश म्हणजे एकाच जातीचे दश्शी ते एक्का. पाच पत्ते वाटले तर बरोबर, ६,४९,७४० हातांत एक. पण हा खेळतो ते टेक्सस होल्डेम: दोन पत्ते हातात, पाच मधे, सातांतून पाच निवडायचे. तिथे तो ३०,९४० मध्ये एकदा येतो. भाचा जरा हिरमुसला.

सात पत्त्यांत अजून एक गंमत आहे. एक जोडी साधारण ४४ टक्के वेळा लागते, काहीच न लागण्याची वेळ मात्र १७ टक्केच. "मग काहीच न लागलेल्याला जोडीच्या वर बसवा ना!" भाचा म्हणाला. बसवता येत नाही. तसं केलं तर जोडीवाला सातांतून पाच निवडताना जोडीतला एक पत्ता मुद्दाम बाजूला ठेवेल, बाकीच्या सहांतले पाच दाखवेल आणि म्हणेल, मला काहीच लागलं नाही. तसे हात मग जोडीपेक्षा कितीतरी जास्त होतील.